नऊजणींची भिशी

“हे नगरपंचायतीचं बजेट आहे, तुमचं हळदीकुंकू नाही! आम्ही सभात्याग करतो!”

असं ओरडून नगराध्यक्ष दिनकरराव थोरात उठले. त्यांच्यामागं त्यांचे सात मेंबर उठले. खुर्च्या करकरल्या, दार आपटलं आणि आठही पुरुष जिना उतरून खालच्या कँटीनमध्ये भजी खायला गेले. सभागृहात उरल्या नऊ बायका, मुख्याधिकारी साहेब, एक शिपाई आणि मागच्या बाकावर मी.

मी म्हणजे इंदुमती कारंडे, पिंपळदऱ्याच्या खालच्या गल्लीतली गिरणीवाली. माझा आवाज मोठा आहे, पण तो पट्टा चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलून बोलून झालाय. भांडखोरही आहे, ते वेगळं. त्या दिवशी गिरणी बंद ठेवून मी सभेला आले होते, कारण माझी धाकटी जाऊ रत्नप्रभा आमच्या वॉर्डातून निवडून आली होती आणि तिला निवडून मी आणलं होतं. दारोदार हिंडले, पाया पडले, दोघीतिघींशी भांडलेही. सगळं एका गोष्टीसाठी. गटार!

आमच्या गल्लीला गटार नव्हतं असं नाही. होतं, तेच दुखणं होतं. दरवर्षी प्रत्येक वॉर्डाला पैशाचा एवढुसा तुकडा मिळायचा, त्यात जेवढं होईल तेवढं करायचं. पहिल्या वर्षी गटार वरच्या अंगानं तालमीपर्यंत आलं. पुढच्या वर्षी पिंपळाच्या पारापर्यंत. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या गिरणीच्या दारापर्यंत, आणि तिथं पैसे संपले. ओढा अजून लांबच. म्हणजे सगळ्या गल्लीचं सांडपाणी सिमेंटमधून अगदी मानानं वाहत यायचं आणि आमच्या उंबऱ्यात सोडलं जायचं. पावसाळ्यात तर आत शिरायचं. “इंदूताई, वाईट वाटून घेऊ नका, पण पिठाला वास लागतो,” असं म्हणून गिऱ्हाइकं डबे उचलून स्टँडवरच्या गिरणीत जायला लागली होती. आमचं घर त्या गिरणीवर चालायचं. गटार ओढ्याला पोचलं नाही तर गिरणीला कुलूप लागणार, हे मला आणि आमच्या ह्यांना कळून चुकलं होतं.

तर रत्नानं त्या दिवशी सभेत उभं राहून काय विचारलं?

“अध्यक्षसाहेब, सतरा वॉर्डांना सतरा तुकडे करून आजपर्यंत एकतरी काम पुरं झालं का? आम्ही नऊजणी आमचे नऊ वाटे एकत्र करतो. दरवर्षी दोन वॉर्डांना देतो. ज्याला देऊ त्याचं काम पुरं करू. पाचव्या वर्षी एक उरेल, त्याला देऊ.”

“म्हणजे भिशी?” दिनकररावांनी डोळे मोठे केले.

“हो. भिशीच.”

त्यावर हळदीकुंकवाचं ते वाक्य आलं आणि सभात्याग झाला.

आता गंमत ऐका. दिनकररावांची वीस वर्षं विरोधी बाकावर गेली होती. राग आला की उठून जायचं, भजी खाऊन परत यायचं, ही त्यांची सवय. अध्यक्ष झाल्यावर आपण उठून जायचं नसतं, सभा तहकूब करायची असते, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “साहेबांनी सभा तहकूब केली का?” त्यांनी शिपायाला विचारलं.

“न्हाई साहेब. नुसतं उठून गेलं.”

“मग सभा चालू आहे. सतरापैकी नऊ सदस्य हजर आहेत. अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्षांनी खुर्ची घ्यायची.”

उपाध्यक्ष म्हणजे माळवाडीच्या चंपाबाई लोखंडे. वय सत्तरीच्या घरात, नऊवारी, तोंडात पान. कुणाचंच कुणाशी जमेना म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना उपाध्यक्ष केलं होतं. तोवर त्या सभेत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, अध्यक्षांच्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि मांडी घातली.

“हां, बोला,” त्या म्हणाल्या. “पोरींनो, ह्यात कायद्याचं मला काय कळत न्हाई. पर भिशी कळती. पन्नास वर्सं घातलीय. साहेब, हे नियमात बसतंय का?”

“बहुमतानं ठराव करा. बसतं,” साहेब म्हणाले. मला वाटतं, ते मिशीत हसत होते.

नऊ बायका तीन पॅनेलच्या होत्या. निवडणुकीत एकमेकींना काय काय बोलल्या होत्या ते मी इथं सांगत नाही. पण भिशी म्हटल्यावर सगळ्यांच्या खुर्च्या पुढं सरकल्या. नऊच्या नऊ हात वर झाले. चंपाबाईंनी पानाचा डबा टेबलावर रिकामा केला, कात-सुपारी बाजूला सारली आणि त्यात चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या.

“पयला नंबर रत्नाचा,” त्या म्हणाल्या. “चालवणारीचा पयला, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. ही रीत हाय.”

“हो हो, रीतच आहे,” सगळ्या म्हणाल्या. एकीनंही तोंड वाकडं केलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, उठावं आणि तिथंच तिची दृष्ट काढावी. यंदाच्या पावसाळ्याआधी गटार ओढ्याला! मी मनातल्या मनात स्टँडवरच्या गिरणीवाल्याला दोन शिव्याही घालून घेतल्या.

रत्ना म्हणाली, “चंपाकाकी, मला शेवटचा द्या.”

“आँ?”

“शेवटचा नंबर माझा. बाकी आठ चिठ्ठ्या टाका.”

“अगं ए बये!” मी बाकावरून उठून ओरडले. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

शिपाई धावत आला. “वहिनी, प्रेक्षकांनी बोलायचं नसतं.”

“प्रेक्षक गेले चुलीत! माझ्या दारात गटार आहे!”

रत्नानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. मला शिपायानं जिन्यापर्यंत आणून सोडलं. जाता जाता ऐकलं, पहिली चिठ्ठी यास्मिन मुजावरची निघाली. तिच्या वस्तीत नळ नव्हता, बायका रेल्वेफाटकापलीकडून पाणी आणायच्या. यास्मिन “अल्ला!” म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. खालच्या पायरीवर दिनकरराव भजी संपवून हात पुसत वर येत होते. मी त्यांना म्हटलं, “जा लवकर. तुमच्या खुर्चीत म्हातारीनं मांडी घातलीय.”

संध्याकाळी मी रत्नाच्या घरी गेले ते तोफखाना घेऊनच. तिचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, तिथं गटाराचा थेंब येत नाही. ती भाकरी थापत होती.

“तुला काय गं!” मी दारातूनच सुरुवात केली. “तू डोंगरावर. बुडायचं ते आम्ही. लोकांना मोठेपणा दाखवायला माझी गिरणी सापडली का तुला?”

“अक्का, आत ये. बस.”

“बसायला नाही आले! पाच वर्षं! पाच वर्षांत भिशी राहील का? पहिल्या चौघींची कामं झाली की त्या कशाला हात वर करतील? आणि पाचवं वर्ष इलेक्शनचं. तेव्हा जिची तिची कमान, जिचा तिचा हायमास्टचा दिवा. तुझ्या शेवटच्या नंबराला कोण विचारतंय?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. “ते बघू.”

“मला विचारायचं तरी होतंस.”

भाकरी फुगली, तिनं ती उलटली. “नाही विचारलं,” एवढंच म्हणाली. “जेवून जातेस?”

मी जेवले नाही. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. आमचे हे कमी बोलणारे. म्हणाले, “तिचं काहीतरी गणित असंल.” मी म्हटलं, “तुमच्या घराण्यात गणित कुणाला येत होतं?”

पण खोटं कशाला बोलू? भिशी चालली. पहिल्या वर्षी यास्मिनच्या वस्तीत नळ आला, म्हणजे टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत आला. गावात सगळ्यांना नवल वाटलं, कारण सुरू झालेलं काम संपलेलं आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. इकडं पावसाळ्यात आमच्याकडं पाणी शिरलं की भल्या सकाळी रत्ना हजर. नगरसेविका, पदर खोचून, बादली घेऊन गुडघाभर घाण पाण्यात. मी तिच्याशी बोलायची नाही. ती पाणी उपसायची, हातपाय धुवायची, जायची. रागावलेल्या माणसाला असं करणं म्हणजे छळच असतो.

आणि एक दिवस चंपाबाई दारात उभ्या राहिल्या. माळवाडीपासून डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन, धापा टाकत.

“चंपाकाकी, माळवाडीत गिरणी नाही का?”

“हाय की. पर आजपासनं आमचं दळण हितं. यास्मिनचं बी हितं येणार. समद्या नऊजणींचं.”

“का?”

“का म्हंजी? तुमचा नंबर शेवटचा. तवर तुमाला जगवायला नको?” म्हातारी पोत्यावर टेकली. तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. “आमच्या वाटंवर पावसाळ्यात मानूस मेलं तर खांदेकरी मिळत न्हाईत बघ. मढं बी घसरतंय. तुज्या गटारापरीस माझी वाट वंगाळ हाय, तरी मी तिसऱ्या वर्साची वाट बघती. जरा दम धर.”

मी त्यांचं दळण काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वेळेला त्या म्हणाल्या, “फुकट दळून दिलंस तर येणार न्हाई.” मग घ्यायला लागले. नऊ घरांचं आणि त्यांच्या शेजारपाजारचं दळण यायला लागलं, तेवढ्यावर गिरणी कशीबशी तगली.

तिसऱ्या वर्षी माळवाडीचा रस्ता झाला. चौथ्या वर्षाच्या पावसाळ्यात चंपाबाई गेल्या.

त्यांच्या जागी पोटनिवडणूक लागली. दिनकररावांनी चंपाबाईंच्या सुनेला, मनीषाला, आपल्या पॅनेलमधून उभी केली आणि बिनविरोध निवडून आणलं. तिचा नवरा सर्जेराव दिनकररावांचा उजवा हात. त्याला माळवाडीच्या तोंडाला कमान बांधायची होती, वर स्वतःचं नाव घालून. मनीषा सभेला यायची, नवरा सांगेल तिथं हात वर करायची, परत जायची. माझ्याकडं दळण मात्र येत राहिलं. सासूच्याच डब्यात.

पाचवं वर्ष आलं. सरकारकडून येणारं अनुदान निम्मं झालं. पाणीयोजनेचं वीजबिल थकलेलं, सफाईवाल्यांचा पगार रखडलेला. ते सगळं बाजूला काढल्यावर वॉर्डाच्या वाट्याला नेहमीच्या तुकड्याचाही अर्धा तुकडा आला. नऊ अर्धे एकत्र केले तर गटार जेमतेम ओढ्याला पोचत होतं. पण ठरावाला नऊ हात लागत होते आणि रत्नाकडं आता तिला धरून आठच होते.

सभेच्या दिवशी मी परत त्याच बाकावर जाऊन बसले. शिपाई तोच. “वहिनी, यंदा…”

“नाही ओरडत,” मी म्हटलं.

दिनकरराव खुर्चीत घट्ट बसले होते. “यंदा मी उठणार नाही,” ते हसत म्हणाले. “ताई, तुमची भिशी चार वर्षं चालली. चांगली चालली, मी मोकळ्या मनानं सांगतो. पण यंदा पैसाच नाही. निवडणूक तोंडावर आहे, ज्याला त्याला आपापल्या वॉर्डात काहीतरी दाखवायचंय. सतरा वाटे करू आणि मोकळे होऊ. तुमचं काय म्हणणं?”

आता बोल, मी मनात म्हटलं. बोल गं! चार वर्षं दुसऱ्यांच्या दारात सिमेंट ओतलंस, आता स्वतःसाठी तोंड उघड!

रत्ना उभी राहिली. “माझा नंबर आहे. सगळ्यांना माहीत आहे. जिला जमणार नाही तिच्यावर माझा राग नाही.” आणि बसली.

मी कपाळावर हात मारून घेतला. हे काय मागणं झालं? भिकारीसुद्धा दोन वाक्यं जास्त बोलतो!

“मतदान घ्या,” दिनकरराव म्हणाले. “भिशीच्या बाजूनं कोण?”

यास्मिनचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. हात वर करू नकोस म्हणून तिचा नवरा तिला बाहेर दटावत होता ते मी जिन्यात ऐकलं होतं, तरी गेला. मग बाकीच्या. एकेक हात वर जाईल तसं मी बोटांवर मोजत होते. सहा, सात, रत्नाचा धरून आठ. आठवर थांबलं.

मनीषा खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. सर्जेराव दारात उभा होता, तिच्याकडं रोखून बघत.

“आठ,” दिनकरराव म्हणाले. “म्हणजे ठराव…”

“साहेब,” मनीषा उठली. तिचा आवाज सभागृहात कुणी ऐकलाच नव्हता. “एक बोलू का?”

“बोला की.”

“सासूबाईंनी तिसऱ्या वर्षी भिशी उचलली. आमचा रस्ता झाला. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या, तेव्हा चौघांनी त्यांना त्याच रस्त्यानं नेलं. कुणाचा पाय घसरला नाही.” तिनं पिळलेलं पदराचं टोक सोडून दिलं. “भिशी उचलल्यावर माणूस मेलं, तर राहिलेला हप्ता घरचं माणूस भरतं. सासूबाईंचा एक हप्ता राहिलाय.”

तिनं हात वर केला.

“मनीषा!” सर्जेराव दारातून ओरडला.

ती वळली. हात वरच होता. “तुमच्या आईचं देणं फेडतेय. नको असंल तर तसं सांगा. इथं, सगळ्यांपुढं सांगा.”

सर्जेरावानं मान खाली घातली आणि तो दारातून बाजूला झाला.

दिनकररावांनी मनीषाच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, “नऊ. ठराव मंजूर. लिहून घ्या साहेब.” माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू?

मी हुंदके देऊन रडले. शिपायानं पाणी आणून दिलं. म्हणाला, “वहिनी, ओरडलात तरी चालंल आता.”

जिना उतरताना मी रत्नाला गाठलं. “खरं सांग. तेव्हा पहिला नंबर पदरात पडत होता. का नाही घेतलास?”

“घेतला असता तर दुसऱ्या वर्षी भिशी मोडली असती, अक्का. म्हणाल्या असत्या, हिनं आपलं साधून घेतलं, आता हिला काय पडलंय? जिचा नंबर शेवटचा, तीच भिशी शेवटपर्यंत ओढून नेते. तिला मोडून चालत नाही.”

“बरं. मग मला का नाही विचारलंस? बुडत मी होते.”

ती पायरीवर थांबली. माझ्याकडं नीट बघितलं. “तुझ्याकडं पंगत असली की आधी कोण बसतं?”

“पाहुणे.”

“आणि घरची माणसं?”

“शेवटी.”

“त्यांना विचारतेस का कधी, शेवटी बसशील का म्हणून?”

चार वर्षं तिला ऐकवायचं म्हणून मी काय काय साठवून ठेवलं होतं. ते तिथंच पायरीवर टाकलं आणि तिचा हात धरून खाली उतरले.

गटार पावसाळ्याआधी ओढ्याला पोचलं. पुढच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डाचं आरक्षण बदललं, रत्नाला उभं राहता आलं नाही. आता तिला कुणी नगरसेविका म्हणत नाही, आणि नव्या मंडळींनी पुन्हा सतरा तुकडे सुरू केलेत. पण त्या नऊ वॉर्डांत सुरू झालेलं काम संपलेलं आहे. हवं तर फिरून बघा.

भिशी लागली की जिची लागली तिनं बाकीच्यांना खाऊ घालायचं असतं. गटार झालं त्याच वर्षी पहिल्या पावसात गिरणीचा उंबरा कोरडा राहिला, त्या दिवशी मी नऊजणींना बोलावलं. नऊजणी म्हणजे चंपाबाईंच्या जागी मनीषा. गिरणीत पोती अंथरली, पातेलंभर पोहे केले. पहिली बशी मनीषाला दिली, दुसरी यास्मिनला. रत्ना बशी घ्यायला आली तसा मी तिचा हात मागं सारला.

“तू कुठं निघालीस? पाहुणे जेवू देत आधी.”

ती हसत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात तळाची खरवड तेवढी उरली होती. आम्ही दोघी जावांनी ती एका बशीत घेतली आणि उंबऱ्यावर बसून खाल्ली.